करार आधीच झाला होता, मग पुन्हा पुन्हा का? आणि ‘संपूर्ण मनाने’ म्हणजे काय?

पानोपान:

नमस्कार. हिब्रू शास्त्रातल्या करारांचा क्रम लावताना एका ठिकाणी अडलो आहे. सीनायच्या पायथ्याशी करार होतो (निर्गम २४). वासराच्या मूर्तीनंतर तो पुन्हा होतो (निर्गम ३४). मग मवाबात (अनुवाद २९), शखेमात यहोशवाच्या हातून (यहोशवा २४), पुढे आसा, यहोयादा याजक, हिज्कीया, योशीया आणि बंदिवासानंतर नहेम्याच्या काळात.

देव आपला शब्द मागे घेत नाही, तर मग तोच करार पुन्हा करण्याचे कारण काय? लोकांनी मोडला की तो रद्द होत होता का? या सगळ्या प्रसंगांत ठरलेली अशी काही पद्धत होती का, पायऱ्या काय होत्या?

दुसरी गोष्ट ‘संपूर्ण मनाने व संपूर्ण जिवाने’ या शब्दांची. आसा राजाने उच्च स्थाने (उंचवट्यांवरची पूजास्थाने) काढली नाहीत, तरी त्याचे मन परमेश्वराकडे पूर्णपणे होते असे लिहिले आहे (१ राजे १५:१४). अमस्याने योग्य तेच केले, तरी ‘पूर्ण मनाने नव्हे’ असा शेरा आहे (२ इतिहास २५:२). हे मोजमाप कसे लावायचे?

आणि शेवटचे: इतक्या गंभीरपणे केलेले करार काही वर्षांत ढासळतात ते नेमके कुठे?

शिलालेख:

पहिल्या भागापुरते लिहितो. ‘मोडला म्हणून पुन्हा केला’ हे सगळ्या प्रसंगांना लागू पडत नाही. प्रसंग वेगवेगळे करून पाहा.

निर्गम ३४, योशीया आणि नहेम्या यांच्याकडे करार मोडल्याची स्पष्ट कबुली आहे. पण मवाबातला करार, यहोशवाचा निरोप, १ शमुवेल १२ आणि यहोयादाने बालराजा योवाशाला गादीवर बसवताना केलेला करार (२ राजे ११:१७) हे नेतृत्व बदलतानाचे आहेत. मोशे जाणार, यहोशवा जाणार, शमुवेल बाजूला होऊन राजा येणार. आणि तिसरा प्रकार लोकांच्या नजरेतून सुटतो, तो अनुवाद ३१:१०–१३ मधला: दर सात वर्षांनी, कर्जमाफीच्या वर्षी, मंडपांच्या सणात सगळ्यांना जमवून नियमशास्त्र वाचायचे. पुरुष, स्त्रिया, मुले, वेशीच्या आतला परदेशी, सगळे. याला चुकीची वाट पाहावी लागत नाही, पंचांगच ते घडवून आणते. कारणही तिथेच दिले आहे: ज्या मुलांना ठाऊक नाही त्यांनी ऐकावे. सात वर्षांत अशी एक फळी वयात येते जिने आधीचे वाचन समजण्याच्या वयात ऐकलेलेच नसते.

त्या काळच्या पश्चिम आशियातल्या राजकीय करारांकडे पाहिले की हे अधिक उलगडते. इ.स.पू. १४व्या–१३व्या शतकांतले हित्ती राजांचे मांडलिकांशी झालेले करार उपलब्ध आहेत. त्यांची मांडणी साधारण अशी: मोठ्या राजाची ओळख, आजवर त्याने काय काय केले त्याचा इतिहास, अटी, प्रत मंदिरात ठेवण्याची आणि ठराविक काळाने वाचून दाखवण्याची तरतूद, साक्षी, आणि शेवटी शाप-आशीर्वाद. गादीवर नवा माणूस आला की करार नव्याने होई. अश्शूरच्या एसरहद्दोनाने इ.स.पू. ६७२ मध्ये आपल्या मुलाच्या वारशासाठी मांडलिकांकडून शपथा घेतल्या. त्या पाट्या १९५५ मध्ये निमरूदच्या उत्खननात सापडल्या. त्यात वारसावर स्वतःवर करावे तसे प्रेम करा, अशी मागणी आहे. म्हणजे ‘प्रीती कर’ हा त्या काळी कराराच्या भाषेतला शब्द होता, निष्ठेचा शब्द. अनुवाद ६:५ (‘आपला देव परमेश्वर याच्यावर संपूर्ण मनाने, संपूर्ण जिवाने व संपूर्ण शक्तीने प्रीती कर’) ऐकणाऱ्याला तो तसाच ऐकू गेला असणार. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की इथे मोठा राजा देव स्वतः आहे आणि करार एकट्या मांडलिक राजाशी न होता पाणक्या आणि लाकूडतोड्यापर्यंत प्रत्येकाशी होतो (अनुवाद २९:१०–१२). पुढची वचने (२९:१४–१५) तर जे आज इथे नाहीत त्यांनाही त्यात धरतात.

तेव्हा ‘रद्द होत होता का’ याचे उत्तर नाही असेच द्यावे लागेल. करार देवाच्या बाजूने उभाच असतो. नव्याने होते ते लोकांचे त्यात उभे राहणे. २ राजे २३:३ मध्ये शेवटी ‘सर्व लोक करारात उभे राहिले’ अशाच अर्थाचे हिब्रू शब्द आहेत.

आता पायऱ्या. सर्वांत भरलेला नमुना शखेमचा आहे, म्हणून तोच घेतो. यहोशवा २४ मध्ये २ ते १३ वचने निव्वळ इतिहास आहे आणि त्यात क्रियापदांचा कर्ता बहुतेक देव आहे: मी आणले, मी दिले, मी सोडवले. अटी नंतर येतात. हा क्रम उलटा केला की करार नुसती जाच करणारी यादी होते. १४व्या वचनात मागणी, १५व्यात निवड. लोक लगेच ‘आम्ही सेवा करू’ म्हणतात. इथे कोणताही पुढारी खूश होऊन सभा आटोपेल. यहोशवा मात्र १९व्या वचनात म्हणतो की तुमच्याने परमेश्वराची सेवा होणार नाही. तो त्यांना अडवतो, परिणाम सांगतो, पुन्हा विचारतो. लोक तीनदा कबुली देतात (१६–१८, २१, २४) आणि मध्ये एकदा, २२व्या वचनात, स्वतःविरुद्ध साक्षी होतात. त्यानंतरच लेखन आणि एला झाडाखाली उभा केलेला मोठा दगड.

या मधल्या भागातले २३वे वचन सोडू नका: ‘तुमच्यामधले परके देव टाकून द्या.’ म्हणजे हो म्हणताना ते देव सामानात होतेच! याच शखेमजवळ याकोबाने घरच्यांकडून परके देव घेऊन झाडाखाली पुरले होते (उत्पत्ती ३५:४). जागा तीच, काम तेच, पिढ्या मात्र कित्येक लोटल्या.

एबाल डोंगरावरच्या विधीतले तपशीलही पाहा (अनुवाद २७, यहोशवा ८:३०–३५). मोठे दगड, त्यांना चुन्याचा लेप, त्यावर नियमशास्त्राची अक्षरे. दगडात कोरण्यापेक्षा लेपावर शाईने लिहिणे कितीतरी जलद होते. यार्देनेच्या पूर्वेला देइर अल्ला इथे १९६७ मध्ये सापडलेला लेख असाच भिंतीच्या लेपावर शाईने लिहिलेला आहे, आणि तो तुकड्यातुकड्यांनी मिळाला. लेप टिकत नाही. म्हणूनही वाचन पुन्हा पुन्हा करणे भाग होते, असे मला वाटते. शिमोन, लेवी, यहूदा, इस्साखार, योसेफ आणि बन्यामीन गरिज्जीमकडे आशीर्वादासाठी. रऊबेन, गाद, आशेर, जबुलून, दान आणि नफताली एबालकडे शापासाठी. शाप १२, आणि प्रत्येकाला लोकांचे ‘आमेन’. त्यातले बरेचसे अपराध असे आहेत की त्यांना साक्षीदार मिळत नाही: गुप्तपणे ठेवलेली मूर्ती, शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकवणे, आंधळ्याला वाट चुकवणे, गुप्तपणे केलेला घात. न्यायालय जिथे पोहोचत नाही तिथे माणसाला स्वतःच्याच आमेनने बांधून ठेवले आहे.

मूळशब्द:

शब्दांपुरते मी सांगते. इथे मराठी वाचकाची थोडी सोय आहे, ती आधी लक्षात घ्यावी.

हिब्रूत ‘लेव’ किंवा ‘लेवाव’ म्हणजे छातीतला अवयव, पण त्याचे काम विचार करणे, ठरवणे, लक्षात ठेवणे हे आहे. भावनाही तिथेच, पण भावना हे त्याचे एकमेव काम नाही. ‘हृदय’ म्हटले की आपल्याला उमाळा आठवतो. ‘मन’ म्हटले की ‘मनात आहे’, ‘मनावर घे’, ‘मन लावून कर’ हे सगळे येते. तेव्हा अनुवाद ६:५ मध्ये मन हाच शब्द नेमका आहे. ‘नेफेश’ म्हणजे जीव, श्वास घेणारा गळ्यासकट अख्खा माणूस. आणि ‘मेओद’ हा शब्द एरवी ‘फार, खूप’ अशा अर्थी येतो. इथे तो नाम झाला आहे. शक्ती हे त्याचे भाषांतर बरोबरच आहे, पण मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाने (बराखोत ९:५) त्याचा अर्थ मालमत्ता असा लावला. त्याच ठिकाणी मनाचा अर्थ दोन्ही ओढींनी, चांगल्या आणि वाईट, आणि जिवाचा अर्थ ‘तो तुझा जीव घेत असला तरी’ असा दिला आहे.

दुसरी सोय ‘ऐकणे’ या क्रियापदाची. हिब्रू ‘शमा’ म्हणजे कानाने ऐकणे आणि आज्ञा पाळणे. मराठीतही ‘तो कुणाचं ऐकत नाही’ म्हटल्यावर कान तपासायला कोणी नेत नाही. निर्गम २४:७ मध्ये लोक ‘नाअसे वनिश्मा’ म्हणतात, म्हणजे ‘करू आणि ऐकू’. करणे आधी आणि ऐकणे नंतर, या क्रमावर यहुदी परंपरेने फार विचार केला आहे.

आता तुमच्या आसाकडे. १ राजे १५:१४ मधला शब्द ‘शालेम’ आहे. याचा अर्थ उत्कट असा नाही, अखंड असा आहे. हाच शब्द आणखी दोन ठिकाणी बघा म्हणजे मोजमाप कळेल. अनुवाद २७:६ मध्ये एबालवरची वेदी ‘शालेम’ दगडांची बांधायची आहे, लोखंडाचे हत्यार न लावलेल्या, न घडवलेल्या. आणि अनुवाद २५:१५ मध्ये तुमच्या थैलीत ‘शालेम’ वजन असावे: पुरते, खरे. व्यापारी थैलीत दोन वजने ठेवत, घ्यायचे जड आणि द्यायचे हलके. मन शालेम असणे म्हणजे थैलीत एकच वजन असणे. स्तोत्र १२:२ मधल्या दुटप्पी माणसाचे वर्णन हिब्रूत ‘लेव वालेव’ असे आहे, मन आणि मन. १ इतिहास १२:३३ मध्ये जबुलूनच्या ५०,००० माणसांचे कौतुक याच शब्दांत नकार घालून केले आहे.

म्हणून अमस्याची चूक उत्कटता कमी पडण्याची नव्हती. त्याच्याकडे दुसरे वजन होते. त्याच अध्यायात (२ इतिहास २५:१४) तो अदोमावर विजय मिळवून त्यांचेच देव घरी आणतो आणि त्यांना धूप दाखवतो.

आसाचे मात्र मी तुमच्यासारखे एका वचनावर ठरवणार नाही. त्याच्या राज्याच्या १५व्या वर्षी, तिसऱ्या महिन्यात, ७०० बैल आणि ७,००० मेंढरे अर्पून, मोठ्या आवाजात, तुताऱ्यांच्या गजरात करार होतो (२ इतिहास १५:१०–१५). १५:१८ मध्ये तो चांदी, सोने आणि पात्रे देवाच्या घरात आणतो. ३६व्या वर्षी इस्राएलचा राजा बाशा चढून येतो तेव्हा आसा त्याच मंदिरातली चांदी आणि सोने काढून दिमिष्काच्या बेन-हदादाला पाठवतो (१६:२). आणले तेही त्यानेच, नेले तेही त्यानेच. तेव्हा हनानी द्रष्टा त्याला सांगतो की परमेश्वराचे नेत्र पृथ्वीभर फिरत असतात, ज्यांचे मन त्याच्याकडे शालेम आहे त्यांना बळ द्यायला (१६:९). १५:१७ मध्ये आसाला लावलेला शब्द एका अध्यायाच्या अंतराने त्याच्यापुढे ठेवलेला आहे. आसा द्रष्ट्याला तुरुंगात टाकतो. त्याने उपाय केला तो यशस्वी झाला, बाशा माघारी गेला, आणि तरीही हनानीने त्याला चूक म्हटले. यश हा इथे पुरावा धरलेला नाही.

उच्च स्थानांविषयी: ‘इतिहास’ ग्रंथाचा लेखक १५:१७ मध्ये ‘इस्राएलातून’ हा शब्द घालतो आणि १४:५ मध्ये यहूदाच्या नगरांतली काढल्याचे लिहितो. म्हणजे तो ही अडचण ओळखून होता.

ओळीओळीने:

शिलालेख यांच्या विवेचनात एक भर घालतो, आणि मग तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

भर अशी की योशीयाचा प्रसंग ‘मोडला, म्हणून पुन्हा केला’ एवढ्यावर सोडू नये. त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ मध्ये, मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. शाफान चिटणीस तो वाचतो, राजा वस्त्रे फाडतो, हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसे जातात. तिचे उत्तर स्पष्ट आहे: या ठिकाणावर अरिष्ट येणारच, तुझ्या डोळ्यांदेखत येणार नाही इतकेच. पुढच्याच अध्यायात योशीया करार करतो. शिक्षा टळेल या आशेने नव्हे, ती दारे तर बंद झाली होती. या प्रसंगातली ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त हलवून टाकते. २ राजे २३:२५ मध्ये मन, जीव आणि शक्ती हे अनुवाद ६:५ मधले तिन्ही शब्द एकत्र येतात. कोणत्याही दुसऱ्या राजाविषयी ते आलेले नाहीत. आणि लगेच २६वे वचन: तरीही कोप शमला नाही.

त्याने काय काय केले त्याची यादी (२३:४–२०) सावकाश वाचा. मंदिरातली पात्रे किद्रोनच्या शेतांत जाळली. अशेरा मूर्ती जाळून तिचे चूर्ण केले. ‘तोफेत’ हे मुलांच्या होमाचे ठिकाण भ्रष्ट केले. सूर्याला वाहिलेले घोडे काढले. गच्चीवरच्या वेद्या पाडल्या. १३व्या वचनात शलमोनाने यरुशलेमच्या पूर्वेस बांधलेली उच्च स्थाने येतात. शलमोनापासून योशीयापर्यंत सुमारे ३०० वर्षे. या काळात आसा, यहोशाफाट, हिज्कीया असे चांगले राजे होऊन गेले, आणि ती स्थाने योशीयाच्या हातून जाण्यासाठी उरली होतीच, राजधानीसमोर, मान वर केली की दिसतील अशी. वडिलांनी बांधलेले पाडणे हेच सगळ्यांत अवघड जात असावे.

तरीही यिर्मया त्याच योशीयाच्या दिवसांतला निकाल देतो: यहूदा पूर्ण मनाने माझ्याकडे फिरली नाही, कपटाने फिरली (३:६–१०). राजा फिरला, जनता राजामागे फिरली. योशीया इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला पडला आणि त्याच्या मुलांनी मागचे पुन्हा सुरू केले. योवाशाचेही तेच: यहोयादा जिवंत असेपर्यंत ठीक, तो गेल्यावर सरदारांचे ऐकून मंदिर सोडले आणि यहोयादाच्याच मुलाला, जखऱ्याला, मंदिराच्या अंगणात दगडमार केला (२ इतिहास २४:१७–२२). तर ढासळण्याचे पहिले कारण, करार एका माणसाच्या खांद्यावर होता.

दुसरे कारण यिर्मया ३४ मध्ये आहे आणि ते जास्त बोचते. बाबेलचा वेढा पडलेला असताना यहूदाचा राजा सिद्कीया आणि सरदार करार करतात की इब्री दासदासींना मोकळे करायचे. हा नियमशास्त्राचाच नियम, सहा वर्षे काम आणि सातव्या वर्षी सुटका, तीही रिकाम्या हाताने नव्हे (अनुवाद १५:१२–१४). वासरू दोन तुकडे करून मधून चालणे, सगळे रीतसर. मग मिसरी सैन्य निघाल्याची बातमी येते, बाबेली वेढा उठतो (३७:५), आणि सोडलेल्यांना धरून परत आणतात. शपथ खोटी होती असे म्हणता येणार नाही, त्या दिवशी ती खरीच होती. पण ती भीतीवर उभी होती आणि भीती गेली. देवाचे उत्तर त्याच शब्दाने येते: तुम्ही सुटका पुकारली नाही, तर मी तुमच्यासाठी सुटका पुकारतो, तलवारीकडे, मरीकडे, दुष्काळाकडे.

तिसरे उदाहरण नहेम्या, आणि इथे मात्र पुरता हिशोब मिळतो. सातव्या महिन्याच्या १ तारखेला पाणीवेशीसमोर पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन. १३ जणांची नावे आहेत, जे लेव्यांसह (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशासह) लोकांमध्ये फिरून अर्थ सांगत होते. लोक रडू लागतात, त्यांना रडू नका, जेवा, ज्याच्याकडे नाही त्याला वाटा पाठवा असे सांगितले जाते. मग मंडपांचा सण. पापकबुली २४ तारखेला, सण उरकल्यावर: दिवसाचा एक चतुर्थांश वाचन, एक चतुर्थांश कबुली (९:३). समजणे आधी, आनंद मग, कबुली त्यानंतर. हा क्रम अभ्यासात बहुधा उलटा शिकवला जातो.

शेवटी लेखी करार आणि ८४ शिक्के: नहेम्या, २२ याजक, १७ लेवी, ४४ प्रमुख. कलमे फार मोघम नाहीत. मुलींचे आणि मुलांचे विवाह. शब्बाथ दिवशी परक्यांकडून खरेदी नाही. सातव्या वर्षी शेत पडीक आणि कर्ज माफ. दर वर्षी एक तृतीयांश शेकेल. वेदीच्या लाकडांसाठी घराण्यांच्या चिठ्ठ्या. हे शेवटचे मला फार आवडते. लेवीय ६ सांगते की अग्नी विझू नये, पण लाकूड कोणी आणायचे ते सांगत नाही. यांनी ती जागा भरून काढली. प्रथमफळे, दशमांश, आणि लेव्यांनी त्यातलाही दशमांश वर चढवायचा. शेवटचे वाक्य: आम्ही आमच्या देवाच्या घराला सोडणार नाही (१०:३९).

अध्याय १३ उघडा. नहेम्या पर्शियाच्या आर्तहशश्त राजाच्या ३२व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ४३३ मध्ये, राजाकडे गेला होता. परत येतो तर एल्याशीब याजकाने नहेम्याच्या जुन्या विरोधकाला, तोबीयाला, मंदिराच्या अंगणातली मोठी खोली दिलेली. ती खोली कशाची होती? दशमांशाचे धान्य, द्राक्षारस, तेल आणि पात्रे ठेवायची. त्याच्या पुढच्याच वचनांत लेव्यांचे वाटे थांबलेले आणि लेवी आपापल्या शेतांवर पळालेले. मग शब्बाथ दिवशी द्राक्षकुंड तुडवणे, गाढवांवर धान्य, सोरच्या लोकांची मासळी. मग अश्दोदी बायका, आणि निम्म्या मुलांना यहुदी भाषा येत नाही. कलमांच्या यादीशी ही यादी ताडून बघा, जवळजवळ एकास एक बसते. नहेम्याचा सवालही त्याच क्रियापदात आहे: देवाचे घर का सोडले गेले (१३:११)?

त्याने उपाय काय केला तर पुन्हा सभा भरवून शपथ घेतली नाही. सामान बाहेर फेकले, खोली शुद्ध करून भरली. भांडारावर चौघे नेमले, त्यांच्यात एक याजक, एक शास्त्री आणि एक लेवी. शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळी, सावली पडताच वेशी बंद, शब्बाथ संपेपर्यंत उघडायच्या नाहीत. व्यापारी एकदोनदा बाहेर मुक्काम करून बसले, त्यांना तंबी दिली, ते बंद झाले. पुस्तकाचा शेवट होतो तोही लाकडांच्या व्यवस्थेवर. हिज्कीयाने हे आधीच केले होते: दशमांशाच्या राशी तिसऱ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत लागत गेल्या, लगेच कोठड्या तयार करून घेतल्या, कारभारी नेमले, नावनिशी ठेवली (२ इतिहास ३१). त्याच अध्यायाच्या शेवटी तो सगळे पूर्ण मनाने करत होता असे लिहिले आहे, कोठड्यांच्या हिशोबानंतर.

सांजवात:

वरचे वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की पूर्ण मन म्हणजे काटेकोर कारभार. हिज्कीयाचाच वल्हांडण बघा. मंदिर शुद्ध व्हायला पहिल्या महिन्याची १६ तारीख उजाडली, म्हणजे १४ तारखेचा वल्हांडण हुकला. पुरेसे याजकही शुद्ध झाले नव्हते, लोकही जमले नव्हते. गणना ९ मधली दुसऱ्या महिन्याची सवलत घेऊन तो सण केला. त्यातही एफ्राईम, मनश्शे, इस्साखार, जबुलून इथून आलेले पुष्कळ लोक अशुद्ध अवस्थेत जेवले. हिज्कीया प्रार्थना करतो: ज्याने देवाचा शोध करण्याकडे मन लावले आहे, मग तो पवित्रस्थानाच्या शुद्धीप्रमाणे नसला तरी, त्याला क्षमा कर. ‘परमेश्वराने हिज्कीयाचे ऐकले आणि लोकांना बरे केले’ (२ इतिहास ३०:१८–२०). हे लोक त्या उत्तरेतून आले होते जिथे सणाचे आमंत्रण घेऊन गेलेल्या हिज्कीयाच्या निरोप्यांची टिंगल झाली होती.

आणि शौल राजा उलट टोकाला. १ शमुवेल १५ मध्ये अर्पणासाठी म्हणून उत्तम मेंढरे राखली, विधीची काळजी भरपूर, ऐकणे शून्य.

पानोपान:

सर्वांचे मनापासून आभार. वजनाची उपमा आणि तोबीयाची खोली ही दोन्ही मला एकट्याने उलगडली नसती. अमस्याचा पुढचा भाग मी वाचलाच नव्हता, तो आता पाहिला.

एकच उरते. यिर्मया ३१:३१ मधला ‘नवा करार’ या मालिकेतले आणखी एक नूतनीकरण आहे की वेगळे काही? हिब्रू ‘हदाश’ या शब्दाने दोन्ही अर्थ निघतात असे वाचले आहे.

मूळशब्द:

शब्दाने निघतात हे खरे. याच धातूपासून ‘होदेश’, नवचंद्र, म्हणजे तोच चंद्र पुन्हा. पण ३२वे वचन ‘त्या करारासारखा नव्हे’ असे म्हणते, त्यामुळे केवळ शब्दावर टेकता येणार नाही. माझ्या मते काय तेच राहिले आणि काय बदलले ते वेगळे काढावे. पक्ष तेच: इस्राएलचे घराणे आणि यहूदाचे घराणे. नियमशास्त्र तेच, ‘माझे नियमशास्त्र’. ‘मी त्यांचा देव, ते माझे लोक’ हे सूत्रही तेच.

बदलते ती लिहिण्याची जागा. सीनायला देवाने घडवलेल्या दगडी पाट्या (निर्गम ३२:१६). त्या फुटल्यावरच्या पाट्या मोशेला स्वतः घडवून आणाव्या लागल्या (३४:१), अक्षरे मात्र देवाची. एबालवर चुन्याचा लेप. शखेमात ग्रंथ. नहेम्याकडे शिक्क्यांचा कागद. ३३व्या वचनात मन.

हे वाचताना यिर्मया १७:१ शेजारी उघडून ठेवा. तिथे यहूदाचे पाप लोखंडी लेखणीने, वज्राच्या टोकाने, मनाच्या पाटीवर कोरलेले आहे. म्हणजे ती पाटी कोरी नाही. अनुवाद १०:१६ मध्ये आज्ञा आहे: आपल्या मनाची सुंता करा. ३०:६ मध्ये तेच काम देव करतो: तुझा देव परमेश्वर तुझ्या मनाची सुंता करील, अशासाठी की तू संपूर्ण मनाने व संपूर्ण जिवाने त्याच्यावर प्रीती करावी. आज्ञा आणि वचन, दोन्ही एकाच ग्रंथात, मधले १९ अध्याय पार करून. त्या एकोणीस अध्यायांत काय काय येते ते या दोन वचनांच्या मध्ये ठेवून एकदा सलग वाचून बघा, विशेषतः २८वा अध्याय: आशीर्वादाची १४ वचने, शापाची ५४, आणि ४७व्या वचनात शापाचे एक कारण, की सगळे मुबलक असताना तू आनंदाने आणि प्रसन्न मनाने सेवा केली नाहीस.